काठाला कात्री नाही: लहान-मोठ्या केलेल्या त्रिमित आकृत्यांना पैठणी नेसवताना

पार्श्वभूमी

येवल्याच्या एका विणकर कुटुंबानं नाशकात छोटं दुकान सुरू करायचं ठरवलं. दुकानाची भिंत आणि गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची पुस्तिका, या दोन्हींसाठी २२ चित्रं हवी होती. ते काम आमच्याकडे आलं. आमचा स्टुडिओ कॉलेज रोडला, माणसं चार. मी कामाची आखणी आणि रेंडरिंग, म्हणजे संगणकातल्या त्रिमित आकृत्यांवरून शेवटचं चित्र काढणं, बघतो. आकृत्या आणि कपडे आमची मॉडेलर करते. या प्रकरणातली नव्वद टक्के मेहनत तिची आहे.

चित्रांतली गोष्ट त्या घरातलीच. आजीची नऊवारी पैठणी. वय झाल्यावर आजीला नऊ वार पेलवेनात, तेव्हा त्यातून सुनेसाठी सहावारी काढली आणि उरलेल्या तीन वारांत सात वर्षांच्या नातीचं परकर-पोलकं शिवलं. एकच कापड, तीन अंगं. पाहणाऱ्याला आजीच्या घोट्याजवळचा काठ नातीच्या परकराला ओळखू यावा, एवढीच त्या घराची अपेक्षा होती. पहिल्या बैठकीत हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, पण त्याचा अर्थ मला दीड महिन्यानं कळला.

पैसे बेताचे होते. तीन वेगळ्या आकृत्या विकत घेण्याऐवजी एकच स्त्री-आकृती घ्यायची आणि पोझर या त्रिमित माणसं घडवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तिचे अवयव लहान-मोठे करून तिघी घडवायच्या, असं ठरलं. आमच्याकडे पोझर ११ ची प्रो आवृत्ती होती. खर्चाखेरीज दुसरंही कारण होतं: एकाच चेहऱ्यातून तिघी काढल्या की नाकाडोळ्यांचं घरचं साम्य आपोआप राहतं. हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

मूळ आकृती १५५ सेंटिमीटर, ती झाली आई. आजी १४६, पाठीत किंचित वाकलेली, खांदे उतरलेले. नात १२० सेंटिमीटर. आता १५५ ची आकृती सरसकट लहान करून १२० वर आणली तर मूल तयार होत नाही, दुरून दिसणारी बाई तयार होते. मुलाचं डोकं अंगाच्या मानानं मोठं असतं. म्हणून नातीचं डोकं फक्त ९३ टक्क्यांपर्यंत उतरवलं, धड ८१ टक्के, आणि पाय लांबीला ७० टक्के पण जाडीला ८२ टक्के, म्हणजे गुबगुबीतपणा राहावा. आकृती गोड दिसायला लागली. त्या संध्याकाळी आम्ही चौघंही खूश होतो.

अडचण

पोझरमधला कपडा अंगाबरोबर हलतो तो नावांच्या जोरावर. आकृती मांडी, पिंढरी, पोट, छाती, दंड अशा भागांत विभागलेली असते आणि कपड्याच्याही आत त्याच नावांचे भाग असतात. कपडा आकृतीला जोडला, की आकृतीच्या दंडाचा कोन बदलल्याबरोबर बाहीच्या दंडाचाही बदलतो. १९९९ च्या चौथ्या आवृत्तीपासून हीच पद्धत आहे. मात्र तिथून तिथं जातो तो कोन. लांबी-रुंदीतला बदल, म्हणजे स्केल, पूर्वी आपोआप जात नसे. तो कपड्याच्या प्रत्येक भागावर हातानं भरावा लागे. नातीच्या परकर-पोलक्याचा हिशेब केला तर पोलक्याचे सात भाग, परकराचे पाच, प्रत्येकाला तीन दिशा: एका जोडाला ३६ आकडे. नंतरच्या आवृत्त्यांत कपड्याच्या गुणधर्मांमध्ये स्केलही उचलण्याचा पर्याय आला. आमच्या मॉडेलरनं तो चालू केला आणि पोलकं टुणकन नातीच्या अंगावर बसलं.

तिथून तीन गोष्टी बिघडत गेल्या.

पहिली, मुंढा. आकृतीत एखादा भाग लहान केला की शेजारच्या भागाशी तो हळूहळू मिसळतो, कारण आकृतीच्या सांध्यांत तशी सोय भरलेली असते. आम्ही ज्या तयार पोलक्यावरून सुरुवात केली त्याच्या सांध्यांत ती नव्हती. त्यामुळे छाती ८१ टक्के आणि दंड ७५ टक्के झाल्यावर खांद्याच्या शिवणीवर चक्क पायरी पडली. पायरीतून कातडी बाहेर.

दुसरी, परकराची फाळणी. परकर हे एकच नळकांडं. पण पोझरच्या लेखी त्याचा डावा अर्धा भाग डाव्या मांडीचा आणि उजवा अर्धा उजव्या मांडीचा. दोन्ही मांड्यांची जाडी ८२ टक्के केली की प्रत्येक अर्धा भाग आपापल्या मांडीकडे आक्रसतो आणि मधोमध, समोर, कापड ताणून काचेसारखं सपाट होतं. आईच्या सहावारीत हेच निऱ्यांवर झालं. साडीचा सगळा भरदारपणा जिथं असतो तिथंच ती पापडासारखी दिसू लागली.

इथं एक निरीक्षण नोंदवतो, कारण ते आम्हाला पुढे उपयोगी पडलं. आजीची नऊवारी या बाबतीत सर्वांत कमी त्रास देणारी ठरली. काष्टा घातल्यामुळे नऊवारी दोन्ही पायांभोवती वेगवेगळी जाते, म्हणजे तिची घडणच दोन मांड्या, दोन पिंढऱ्या अशी आहे. सॉफ्टवेअरची विभागणी आणि नेसण्याची पद्धत तिथं जुळतात. अवघड राहतात ते फक्त पुढचा ओचा आणि पदर.

तिसरी गोष्ट आमच्या लक्षातच आली नाही. ती विणकरकाकांच्या लक्षात आली.

मुंढ्याची पायरी आणि निऱ्यांचा सपाटपणा तात्पुरता झाकून आम्ही चार कच्ची चित्रं छापली आणि काकांना दाखवायला येवल्याला गेलो. निफाड, विंचूर करत पावसातून दोन-अडीच तास लागले. काकांनी चित्रं मागावरच्या कापडाशेजारी पसरली. आजीचं चित्र बघितलं, मान डोलावली. नातीच्या चित्रावर थांबले. चष्मा वर केला, बोटं आडवी धरून मागावरच्या काठावर ठेवली. चार बोटं. मग तीच बोटं अंदाजानं चित्रातल्या परकरावर.

"हा काठ आमचा नाही," ते म्हणाले.

मी म्हटलं, काका, तोच फोटो वापरलाय, मागच्या वेळी इथंच काढलेला.

"फोटो तोच असेल. पण पोरीचा काठ लहान झाला. आणि मोर बघा, बुटका झालाय. आजीच्या साडीतून कापलेलं कापड आहे ना हे? मग कापल्यावर काठ आखडेल कसा?"

मागावर बसलेल्या त्यांच्या सूनबाईंनीही वाकून बघितलं आणि आणखी एक चूक दाखवली. वाऱ्यानं उडालेल्या परकराची आतली बाजू आम्ही नुसती फिकट रंगाची ठेवली होती. हातमागावरच्या अस्सल पैठणीत नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. विणणाऱ्याला तेच तर दाखवायचं असतं.

परतताना गाडीत मी हिशेब मांडला. काठ ४ इंचांचा. पाय लांबीला ७० टक्के केले, परकरानंही ते उचललं, म्हणजे काठ उरला २.८ इंच. मोराची चौकट मुळात लांबी-रुंदीला सारखी. ती आता उंचीला ७० आणि रुंदीला ८२ टक्के, म्हणजे उंचीपेक्षा रुंदी सहाव्या हिश्शानं जास्त. काकांची चार बोटं आमच्या कॉम्प्युटरपेक्षा अचूक निघाली होती.

आणि मग बाकीचंही दिसायला लागलं. पोलक्याच्या पाठीवरचे हुक लहान झाले होते. दुमडीची जाडी, टिपेचा टाका, रेशमाचा पोत, सगळंच त्या प्रमाणात आक्रसलेलं. लहान मुलीचा कपडा लहान असतो तो कमी कापड घेऊन. त्यातला धागा तोच असतो, हुक तोच असतो, काठ तोच असतो. आम्ही कपडा लहान न करता कापडच लहान केलं होतं.

समोर असलेले पर्याय

दुसऱ्या दिवशी चौघं बसलो. तेव्हा फळ्यावर जे लिहिलं ते जवळपास तसंच इथं देतो.

एक, फक्त चित्र सुधारायचं. कपड्यावर नक्षी चढवताना उलटा ताण द्यायचा, म्हणजे आक्रसलेल्या जागी मोर पुन्हा चौकोनात बसेल. काठ सोडून उरलेल्या कापडावरच्या बुट्ट्यांसाठी हे अर्ध्या तासाचं काम होतं. पण काठाची रुंदी मेशमध्येच, म्हणजे कपड्याच्या त्रिमित जाळीतच, कोरलेली, शिवाय दुमड, जाडी आणि पडणाऱ्या चुण्या तशाच राहणार. माझा कल इकडेच होता, कारण मुदत डोळ्यांसमोर होती.

दोन, लहान मुलीची तयार आकृती आणि तिचे तयार कपडे विकत घ्यायचे. चेहऱ्याचं साम्य जाणार, आणि बाजारात फ्रॉक मिळतात, परकर-पोलकं मिळत नाही.

तीन, नातीची आकृती लहान केल्यानंतर तिच्या अंगावर कपडे नव्यानं बनवायचे, खऱ्या मापानं, आणि सैल कपडे कापडाच्या सिम्युलेशननं, म्हणजे कापड कसं पडेल याचं गणित संगणकाकडून करवून, पाडायचे. वेळ तिप्पट.

चार, पोझरच्या आतच, क्लॉथ रूम या कापडाच्या सिम्युलेशनच्या विभागात, परकर सोडायचा. ही सोय २००२ च्या पाचव्या आवृत्तीपासून आहे आणि साध्या घेराला चालतेही. पण नऊ वारांच्या घड्यांचं आणि निऱ्यांचं कापड तिथं आमच्या हातात राहत नव्हतं.

मॉडेलरचा हट्ट तिसऱ्या पर्यायाचा. ती म्हणाली, "दादा, आपण काठ दाखवायला चित्रं काढतोय आणि काठच खोटा ठेवायचा?" मी दोन दिवस मागून घेतले. त्या दोन दिवसांत तिनं एक काम केलं ज्यानं निर्णय झाला: ती शिंप्याकडे गेली आणि मलाही घेऊन गेली.

शिंप्याकडची दुपार

रविवार कारंजाजवळच्या गल्लीत एक काका जुन्या साड्यांचे परकर अजूनही शिवतात. आम्ही नातीच्या चित्राचा कागद दाखवला आणि विचारलं, तीन वार पैठणीत या उंचीच्या मुलीचं काय निघेल?

त्यांनी वर्तमानपत्राचं पान घेतलं, दोन्ही लांब कडांना पेन्सिलनं काठ आखला. मग पान आडवं कापलं. "खालचा काठ परकराला. हा वरचा पोलक्याला. परकराची उंची वरून कमी करायची, नेफ्यात. काठाला कात्री लावायची नाही." वरच्या तुकड्याच्या कडेतून दोन पट्ट्या काढून त्यांनी बाह्या दाखवल्या; काठ बाहीच्या टोकाला आला. उरलेल्यात पाठ आणि पोट. मग परकराच्या कागदाला काठाच्या वर एक आडवी दुमड घातली, बोटानं दाबली. "हा टक. पोर वाढली की उसवायचा. दोन वर्षं निघतात."

हिशेब चोख बसत होता. तीन वार म्हणजे २७४ सेंटिमीटर. त्यातले २२० परकराच्या घेराला, नातीच्या ५५ सेंटिमीटर कमरेच्या बरोबर चौपट. बाकीचं आणि वरची अर्धी पट्टी पोलक्याला.

त्या कागदाच्या तुकड्यांपुढे पहिल्या पर्यायाबद्दल बोलण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही. टक तर आम्हाला सुचलाच नसता. आजीनं नातीसाठी शिवून घेतलेल्या परकराला तो असणारच.

काय केलं

प्रत्येक कपड्याला एकच पद्धत लावायची नाही, हे सुरुवातीलाच ठरवलं. अंगाला चिकटणारं पोलकं पोझरमध्येच ठेवलं. प्रो आवृत्तीतल्या फिटिंग रूममध्ये ते मूळ, न बदललेल्या आकृतीवर बसवून आकृतीचेच सांधे त्यात उतरवून घेतले. आकृती लहान करायची ती त्यानंतर. सांध्यांतली मिसळण्याची सोय आता पोलक्यातही आल्यानं मुंढ्याची पायरी गेली. कुठं कुठं कातडी डोकावत होती तिथं पोलक्याखालचे छाती-पोटाचे भाग सरळ अदृश्य केले. झाकलेलं अंग चित्रात नसलं तर बिघडत नाही. फक्त गळ्यातून आत नजर जाणारी दोन चित्रं होती, तिथं हातानं दुरुस्ती केली.

परकर, आईची सहावारी, आजीचा ओचा आणि पदर हे सगळं ब्लेंडर या दुसऱ्या त्रिमित सॉफ्टवेअरमध्ये नेलं. इथं एक चूक झाली, ती सविस्तर सांगतो, कारण ती पुन्हा पुन्हा कुणाच्याही हातून होईल.

पोझरच्या स्वतःच्या एककात माणूस एका एककापेक्षाही बुटका असतो. तीच फाइल ब्लेंडरनं मीटरमध्ये वाचली की १५५ सेंटिमीटरची आई साधारण ६० सेंटिमीटरची बाहुली होते आणि नात अर्ध्या मीटरच्याही आत. पडद्यावर काही कळत नाही, कारण आपण झूम करून बघत असतो. पण सिम्युलेशनला गुरुत्वाकर्षण खरं लागतं, आणि कापड अंगापासून किती अंतरावर थांबायचं तेही खऱ्या मापात ठरतं. ब्लेंडरमध्ये ते अंतर मुळात दीड सेंटिमीटर असतं. बाहुलीएवढ्या नातीवर ते दीड सेंटिमीटर म्हणजे खऱ्या मुलीच्या अंगापासून जवळजवळ चार सेंटिमीटर. परकर तिच्याभोवती घंटेसारखा तरंगत राहिला. मॉडेलरनं तीन दिवस कापडाचा ताठपणा, वजन, घर्षण सगळं बदलून बघितलं. चौथ्या दिवशी मी सहज शेजारी एक मीटरचा चौकोनी ठोकळा ठेवला. नात त्याच्या निम्मीही नव्हती.

तेव्हापासून नियम केला: आकृती आत आली की प्रथम तिच्या शेजारी तिच्या उंचीची पट्टी. नात १२० ची दिसली, स्केल पक्कं करून टाकलं, थांबण्याचं अंतर ४ मिलिमीटरवर आणलं, आणि पहिल्याच रात्रीत परकर परकरासारखा पडला.

परकर बनवला तो शिंपीकाकांच्या कागदासारखा. २२० सेंटिमीटर घेराचं सपाट आयताकृती कापड, खाली पूर्ण ४ इंची काठ, काठाच्या वर टकाची दुमड. नक्षी या सपाट कापडावरच बसवली, चित्रातला एक सेंटिमीटर म्हणजे कापडाचा एक सेंटिमीटर या हिशेबानं, आणि दोन्ही बाजूंना तीच. त्यासाठी येवल्याला पुन्हा जाऊन काठाचे फोटो मोजपट्टी शेजारी ठेवून काढले. मग कापडाचं नळकांडं केलं, वरची कड पक्की धरली आणि ४० फ्रेममध्ये ती हळूहळू कमरेच्या मापावर आणली. चुण्या आपोआप पडत गेल्या. इथं नळकांडं स्केल करून कमरेवर बसवायचा मोह होतो. तसं केलं की पुन्हा कापडच आखडतं आणि सगळी मेहनत पाण्यात.

पोझचंही एक पथ्य पाळावं लागलं. आम्ही आकृतीचे दोन आकार घ्यायचो, सरळ उभी आणि चित्रातल्या पोझमधली, आणि एकातून दुसऱ्यात जाताना कापड सोडायचो. पण अशा बदलात प्रत्येक बिंदू सरळ रेषेत सरकतो. हात ९० अंशांत वर गेला तर मधल्या फ्रेमला तो सुमारे ७० टक्केच लांबीचा राहतो, पातळ होतो आणि पदर त्यातून आरपार जातो. पोझरमधून मधल्या दोन-तीन पायऱ्यांचे आकार वेगळे काढून आणले तेव्हा हे थांबलं.

आईच्या निऱ्यांनी सर्वांत जास्त दिवस घेतले. निऱ्या खोचल्या जातात तिथला पट्टा पक्का धरला, खालच्या मोकळ्या सोडल्या, कापडाची कापडाशी टक्कर चालू ठेवली. एकेका चित्राचं सिम्युलेशन रात्रभर लावून घरी जायचं. एका रात्री वीज गेली आणि सगळं पुन्हा. तेव्हापासून गणित डिस्कवर साठवत ठेवतो. आजीचं काम मात्र चार दिवसांत उरकलं. नऊवारीचे पायांवरचे भाग पोझरनंच सांभाळले.

निष्पत्ती

ठरल्यापेक्षा पाच आठवडे जास्त गेले. वाढीव पैसे आम्ही मागितले नाहीत, कारण सुरुवातीची चूक आमची होती. काकांनी आपणहून दुकानाचं उद्घाटन पुढे ढकललं. त्यांचं हे ऋण आम्ही मानतो.

अंतिम चित्रं काकांनी पुन्हा मागाशेजारीच पसरून बघितली. पुन्हा चार बोटं आजीच्या काठावर, मग आईच्या, मग नातीच्या. काही बोलले नाहीत. सूनबाईंना हाक मारली आणि नातीचं चित्र त्यांच्याकडे दिलं. त्यांनी टकावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "आमच्या आईनं असाच घातला होता." तीन चित्रांत रंग दुरुस्त करायला सांगितले, बाकी मंजूर.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठा निर्णय आम्ही उलट्या क्रमानं घेतला. आकृत्यांची प्रमाणं कायम होण्याआधीच कपड्यांना हात घातला. काम सुरू झाल्यावर अकराव्या दिवशी नातीचे पाय आणखी थोडे आखूड करायचं ठरलं, आणि तोवर बसवलेलं सगळं पुन्हा बसवावं लागलं. तिघींच्या उघड्या आकृत्या, उंचीच्या पट्टीसह, एकाच चित्रात उभ्या करून काकांकडून आधीच होकार घेतला असता तर ते दोन आठवडे वाचले असते.

दुसरं, पहिल्याच दिवशी कपड्यावर पैठणीची नक्षी चढवायला नको होती. काळ्या-पांढऱ्या चौकटींचं साधं चित्र चढवलं असतं तर चौरसांचे आयत होताना आम्हालाच दिसले असते. मोर बुटका झाला तरी डोळा फसतो, कारण मोर हा मोरच दिसतो. चौरस फसवत नाही. आता आमच्याकडे कुठलाही कपडा लहान-मोठ्या आकृतीवर गेला की आधी चौकटी.

पहिला पर्याय, म्हणजे फक्त नक्षीला उलटा ताण देणं, मी आज कायमचा मोडीत काढणार नाही. साधा टी-शर्ट, रंगीत पायजमा, गर्दीतली दूरची माणसं, यांना तो पुरतो. दहा टक्क्यांच्या आतला बदल असेल तर पोझरचा स्केल उचलण्याचा पर्यायही पुरेसा आहे. आजीच्या बाबतीत तो पुरलाच. प्रश्न येतो तो कपड्यावर ओळखीच्या मापाची गोष्ट असेल तेव्हा: काठ, बटण, हुक, खिसा, जरीची पट्टी.

शिंप्याकडे मात्र आम्ही पहिल्या आठवड्यातच जायला हवं होतं. त्यासाठी येवल्याहून परत यावं लागायला नको होतं.

एक दोष अजून तसाच आहे. चित्र १४ मध्ये नात आजीच्या गळ्यात हात टाकते. पोलकं आम्ही पोझरच्याच पद्धतीनं ठेवलं, त्यामुळे बाहीच्या टोकाचा काठ दंडाबरोबर ७५ टक्क्यांवर उतरला होता. बाकीच्या चित्रांत बाहीची ती पट्टी कापून खऱ्या रुंदीची नवी लावली. पण या चित्रात हात इतका वळलेला आहे की नवी पट्टी काखेजवळ दुमडून आत घुसत होती. मुदतीपोटी जुनीच ठेवली. त्या बाहीवरचा काठ तीन इंचांचाच आहे. पुस्तिकेची पुढची आवृत्ती निघेल तेव्हा ती बाही आम्ही स्वतःहून बदलून देणार आहोत. मॉडेलरनं ती सुट्या कापडासारखी पाडायला घेतलीही आहे.